दाराजवळची जागा

माय गेली त्याच्या चौदाव्या दिवशी प्रयागनं तिचं कापसाच्या जिनात नेसायचं लुगडं धुतलं आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं. मी शाळेतून आले तेव्हा ते अर्धं वाळलं होतं. तीन पाण्यांतून काढूनही काठाच्या विणीत रुईचं तूस अडकून राहिलं होतं.

प्रयाग माझ्या धाकट्या भावाची, उकंडरावाची, बायको. वय सतरा-अठरा. मायला ती आत्याबाई म्हणे. तिची सहा महिन्यांची मुलगी आत पाळण्यात झोपली होती. मी विचारलं, हे कशाला धुतलं, द्यायचं ते तर दहाव्यालाच देऊन झालं. तिनं सांगितलं, निरोप आला आहे. जिनाचा मुकादम जगदेव यानं शेजारच्या मोतीबाईच्या तोंडी कळवलं होतं की गोजराबाईची, म्हणजे मायची, जागा नाताळ संपेपर्यंत राखून ठेवतो. तोवर घरातली बाई उभी राहिली नाही तर जागा दुसरीला जाईल.

“मी जातो,” प्रयाग म्हणाली. “पोरीले झोळीत टाकतो. समद्याच नेतात.”

मी म्हटलं, जायचं नाही.

“काहून?”

तिनं भांडणासाठी विचारलं नव्हतं. तिला खरंच कारण हवं होतं, आणि मला ते एका वाक्यात सांगता येईना. मी लुगडं दोरीवरून काढलं, झटकलं, पुन्हा टाकलं. आत गेले, बाहेर आले. माय गेल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. शाळेतही मी फळ्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत शिकवत होते, आणि मुली मान वळवून वळवून माझ्याकडे पाहत होत्या.

जागा म्हणजे काय ते सांगायला हवं. कारंज्याच्या त्या जिनात यंत्रांच्या दोन लांब रांगा आहेत. एकेका यंत्रापुढे एकेक बाई उभी असते. पाटीतला कापूस तिनं मुठीमुठीनं यंत्राच्या तोंडाशी सोडायचा. पलीकडून रुई निघते, खाली सरकी पडते, आणि या दोन्हींत न बसणारं जे काही असतं ते हवेत उडतं. दार एकाच टोकाला. नवी बाई आतल्या भिंतीशी उभी राहते, जिथं समोरच्या बाईचं तोंडही धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. एखादी जागा रिकामी झाली आणि त्या घरात कुणी उभी राहणारी नसली, तरच आतली बाई पुढे सरकते. मायला दारापर्यंत यायला अकरा वर्षं लागली होती. दाराजवळ वारा लागतो, बाहेरचं आभाळ दिसतं. त्या जागेवर पुढची सात वर्षं ती उभी होती. ती जागा आमच्या घराची होती. घरानं सोडली, तर प्रयागला कधी गरज पडलीच तर पुन्हा आतल्या भिंतीपासून सुरुवात.

त्यामुळे प्रयागचं म्हणणं साधं होतं आणि चूक नव्हतं. उकंडराव प्रेसमध्ये दाबून बांधलेल्या रुईच्या गाठी उचलतो. एका माणसाच्या पाठीवर घर किती दिवस ठेवायचं, असं ती म्हणे. मी आहे, असं म्हटलं तर म्हणे, तुमी हायेच बाई, पण तुमी किती वर्षं.

माझं म्हणणंही चूक नव्हतं. फक्त ते सांगायचा हक्क मी दोन वर्षांपूर्वी घालवला होता.

*

आमचं मूळ घर आसेगावचं. मानमोडीच्या तापाच्या साथीत वडील, मारोतराव, चार दिवसांत गेले. मी तेव्हा दहा वर्षांची, उकंडा तान्हा. पुढल्या वर्षी माय आम्हाला घेऊन कारंज्याला आली आणि जिनात लागली. तोंडाला फडकं बांधायची पद्धत नव्हती. बांधलं तर दम लागतो, आणि मुकादम विचारतो, वास येतो काय. माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत संपलं. दुसरं कर म्हणणारे पुष्कळ होते, आणि आमच्यात त्याला आडकाठीही नव्हती. मायनं मला विचारलं, जिनात येतं का शाळेत जातं. मी शाळेत गेले. पुढं शिक्षिकेचं शिक्षण घेऊन कारंज्याच्याच मुलींच्या शाळेत लागले. वाचायची सवय तेव्हाची. वाचनालयातली बरीच पुस्तकं माझी वाचून झाली होती, आणि मला वाटे की वाचलेल्या माणसाला घरातलं दुखणं तरी ओळखता यायला हवं.

दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या यायला लागतात, भोंगा वाजायला लागतो, आणि होळीपर्यंत आमच्या वस्तीवरची हवा पांढुरकी दिसते. धुराड्यातून दगडी कोळशाचा धूर येतो, तो वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके सोडतो. तूस खालून येतं, ते कपड्यांच्या आत शिरतं. त्या महिन्यांत इथल्या कडुनिंबांना हिरवं म्हणता येत नाही. विहिरीवर आम्ही गोणपाट टाकतो, तरी पाणी गाळलं की फडक्यावर साय धरल्यासारखं काही उरतं. शाळेत तिसरीच्या वर्गाच्या खिडक्या जिनाच्या बाजूला आहेत. हंगामात त्या वर्गात कविता म्हणून घेता येत नाही. एकीला खोकला लागला की सगळ्यांना लागतो.

जिनातल्या बायकांनी या सगळ्याची कारणं शोधून ठेवली होती. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात नव्या बायकांना हटकून ताप येई, जुन्यांचंही अंग मोडून येई. त्याला त्या फराळाचा ताप म्हणत. दिवाळीचं तेलकट बाधलं. माय त्या भीतीनं करंजीला हात लावत नसे. ताप यायचा तो येईच. मग ती म्हणे, वासानं आला असन.

तसंच सोमवारचं. रविवारी जीन बंद. सोमवारी कामावर गेलं की दुपारपासून छाती आवळायला लागे, रात्री श्वास पुरत नसे. मंगळवारी थोडं कमी. गुरुवार-शुक्रवारपर्यंत जुन्या बायकाही मोकळ्या होत, हसत-खिदळत घरी येत. पुन्हा रविवार, पुन्हा सोमवार. वीस वर्षं हे पाहून त्यांनी ठरवलं होतं की दुखणं कामाचं नाही, सुट्टीचं आहे. घरी बसलं की छातीची सवय मोडते. रविवारी डोक्यावरून पाणी घेतलं की आणखीच. म्हणून पुष्कळजणींनी रविवारचं न्हाणं सोडलं होतं. काही तर रविवारीही काहीतरी निमित्त काढून जिनाच्या आवारात जाऊन बसत. मायनं त्याच्यावर ताण केली होती. जिनाच्या फरशीवरचं झाडून काढलेलं तूस तिनं उशीत भरलं होतं, आणि ती त्या उशीवर झोपत असे. छातीनं रात्रीही इसरू नये, असं ती म्हणे.

ती उशी मी जाळली. त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं.

तोवर तिचा खोकला गुरुवारीही थांबेनासा झाला होता. मी एका आरोग्याच्या मासिकात वाचलं होतं की कष्टाच्या माणसाला आठवड्यातून एक दिवस पुरी विश्रांती आणि मोकळी हवा मिळाली तर फुप्फुसं धुऊन निघतात. मला ते पटलं. पुस्तकातलं असल्यामुळे पटलं, हे आता कळतं. मी हट्ट धरला. शनिवारी संध्याकाळीच मी मायला गावाबाहेर, ओळखीच्या एका मळ्यात न्यायची. रविवारभर ती तिथं आंब्याखाली पडून राहायची, न्हायची, जेवायची. तिला बरं वाटे. रविवारी संध्याकाळी तिचा चेहरा पाहून मला वाटे, आपण जिंकलो.

आणि सोमवारी रात्री ती भिंतीला टेकून बसलेली असे. झोपता येत नसे. मी पाठ चोळत बसे. ती मध्येच हसून म्हणे, “तुया पुस्तकानं मले मारलं वं बाई.”

असे सात सोमवार गेले. प्रत्येक सोमवार मागच्यापेक्षा वाईट. मोतीबाई सकाळी यायची, मायकडे पाहायची, माझ्याकडे पाहायची आणि निघून जायची. आठव्या शनिवारी मायनं हात जोडले. म्हणाली, मला उद्या जिनाच्या आवारात जाऊन बसू दे. माझ्या समोर तिनं हात जोडावे हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, जा.

ती गेली. सोमवार जरा बरा गेला. बायकांचं खरं ठरलं, माझं पुस्तक खोटं ठरलं. त्या दिवसानंतर मी तिला कधी अडवलं नाही. पुढल्या पावसाळ्यात ती मामाकडे आसेगावला निंदणाला गेली, चार महिने राहिली, एकदाही खोकली नाही. परत आली तेव्हा तिची हाडं झाकली होती. सगळे म्हणाले, पावसानं धूळ बसते ना, म्हणून. मीही तेच म्हटलं. चार महिने आणि एक दिवस यांत काही फरक असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

या वर्षी दिवाळीनंतर ती सहा दिवस कामावर गेली. सातव्या दिवशी दारापर्यंतही चालवेना. मार्गशीर्षात गेली. शेवटचे आठ दिवस ती बसूनच होती. तिला आडवं करायला आम्हाला ती गेल्यावरच मिळालं.

*

वाचनालयात एक निवृत्त डॉक्टर येत. माय गेल्यावर त्यांनी मला एक जुना इंग्रजी अहवाल आणून दिला. विलायतेतल्या कापडगिरण्यांतल्या धुळीबद्दलचा. मी तो वाचनालयाच्या ओसरीत उभ्यानंच वाचला. तिथल्या कामगारांनाही सोमवारीच छाती आवळते. त्यांनी त्या दुखण्याला सोमवारचंच नाव दिलं आहे. सुट्टीत छाती धुळीपासून सुटते, सैल होते. सोमवारी पुन्हा धूळ आत गेली की ती जोरानं आवळते. मग आठवडाभर शरीर तक्रार करणं कमी करतं. धूळ आत जायची तशी जातच असते. काही वर्षांनी सोमवार आणि शुक्रवार यांत फरक उरत नाही, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणजे माझा एक दिवस खोटा नव्हता, अपुरा होता. आणि बायकांचं जे खरं वाटत होतं तेच त्यांना मारत होतं. मी घरी येईपर्यंत वाटेत तीनदा थांबले. पुढं काय करायचं ते कळत नव्हतं, पाय मात्र चालत होते.

घरी मोतीबाई बसली होती. मी दोघींना अहवाल मराठीत सांगितला. मोतीबाई मायच्या बरोबरीनं अठरा वर्षं जिनात काढलेली, आता दाराजवळ तिच्या शेजारच्या यंत्रावरची बाई. जिनात तिच्या शब्दाला मुकादमाच्या शब्दाइतकी किंमत. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पाळण्याला झोका देत विचारलं, “गोजराले घरी बसोलं कोनं व्हतं?”

मी अहवाल मिटला.

“सायबाच्या कागदात ते लिवलं हाय का?” ती म्हणाली. आणि प्रयागकडे वळून, “तू ये वं. एक दिवस घरी बसू नोको, काई होत नाई.”

प्रयागनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात माझ्याबद्दल राग नव्हता. पण माझ्या शब्दाला आता वजन नव्हतं, आणि ते तिलाही वाईट वाटत होतं.

त्या रात्री मी ठरवलं. नाताळची सुट्टी होती. सोमवार ते शनिवार मी स्वतः मायच्या जागेवर उभी राहणार. जागा जाणार नाही, आठवडा मिळेल, आणि माझ्या अंगावर जे होईल ते प्रयाग डोळ्यांनी पाहील. कागदावर तिचा विश्वास नव्हता. आजारी पडलेल्या माणसावर बसला असता. उकंडराव म्हणाला, बाई, लोक हसतील. मी म्हटलं, हसू दे.

जगदेव मुकादम खरंच हसला. मास्तरीणबाई जिनात, असं म्हणून त्यानं पाटी पुढं केली. मी मायचंच लुगडं नेसले होते.

पहिल्या तासात मला फक्त आवाज कळला. मग आवाजाची सवय झाली आणि हवा दिसायला लागली. दारातून उन्हाचा एक पट्टा आत येतो. त्या पट्ट्यात तूस इतकं दाट होतं की त्यात बोट घातलं तर वाट उमटेल असं वाटलं. आतल्या भिंतीकडे पाहिलं तर बायका दिसत नव्हत्या, त्यांचे हात दिसत होते. वरच्या वाशांना चार-पाच झोळ्या टांगलेल्या. मध्येच एखादी बाई यंत्र सोडून झोळीला धक्का देऊन येई. झोळीतल्या पोरांच्या पापण्या पांढऱ्या होत्या. त्यांतलं एकही रडत नव्हतं. माझ्यामागे उभी असलेली सुंदरबाई म्हणाली, चिमूटभर अफू चाटवली की निजतात.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारी संध्याकाळी मला थंडी वाजून ताप भरला. डोकं ठणकत होतं, कोरडा खोकला सुटला होता. मी अंथरुणात पडून प्रयागकडे पाहत होते, आणि मला आत कुठेतरी समाधान वाटत होतं. पाहा, असं मी म्हटलं नाही, पण ती पाहत होती. तिनं कपाळावर ओला कपडा ठेवला आणि म्हणाली, उद्या जाऊ नका.

मी बुधवारी गेले. बायकांनी आनंदानं माझं स्वागत केलं. पलीकडच्या यंत्रावरची सोनीबाई म्हणाली, “आला का बाईले फराळाचा ताप? नाताळाले काय खाल्लं वो, केक?” सगळी रांग हसली. मीही हसले, आणि हसताना खोकले, म्हणून आणखी हसल्या. मोतीबाईनं आपल्या पाटीतला साफ कापूस माझ्या पाटीत टाकला आणि मळका स्वतःकडे घेतला. तिनं तसं केलेलं मी पाहिलं नाही असं दाखवलं.

गुरुवारी मला बरं वाटलं.

याची मी तयारी केली नव्हती. अहवालात वाचलं होतं, तरी नव्हती. सकाळी उठले तर डोकं हलकं, ताप नाही, भूक लागलेली. यंत्रापुढे उभी राहिले तर हात आपोआप चालत होते. बाजूच्या बायकांचं बोलणं आवाजातूनही कळायला लागलं होतं. दारातून गार वारा येत होता. दुपारी आम्ही पायरीवर बसून भाकरी खाल्ली. मोतीबाईनं मायची एक गोष्ट सांगितली, माय एकदा मुकादमाची टोपी सरकीच्या ढिगात पुरून बसली होती ती, आणि मी माय गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर हसले. छाती मोकळी होती. महिनाभर मी जी येरझार घालत होते ती थांबली होती. आणि तिथं त्या पायरीवर, अंगभर तूस घेऊन बसलेली असताना माझ्या मनात स्वच्छ आलं, की यात काय वाईट आहे.

मग मला भीती वाटली. इतकी, की घास तोंडात तसाच राहिला. माय अडाणी होती म्हणून फसली असं मी समजत होते. ती फसली नव्हती. तिला खरंच बरं वाटत होतं. अठरा वर्षं, दर गुरुवारी.

घरी आले तेव्हा प्रयागनं माझा चेहरा पाहिला आणि तिच्या खांद्यांवरचा भार उतरलेला मला दिसला. “पाहा,” ती म्हणाली, “काम केलं तं उतरला ना ताप.”

शुक्रवार, शनिवार मी उभी राहिले. जागा राहिली. मी जे सिद्ध करायला गेले होते त्याच्या उलट सिद्ध करून आले.

*

रविवारी दुपारी प्रयाग झोळीचं कापड शिवत होती. दुसऱ्या दिवशी माझी शाळा सुरू होणार होती आणि तिचा जीन. मी तिच्यासमोर बसले. तिला झोळीतल्या पोरांच्या पापण्यांबद्दल सांगितलं, अफूबद्दल सांगितलं. ती शिवत राहिली. मग जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. म्हटलं, आठव्या शनिवारी मायला मी जा म्हटलं. मला पटलं होतं म्हणून नाही. मला तिच्याकडे पाहवत नव्हतं म्हणून. तिच्या सोमवारांचा मला कंटाळा आला होता.

प्रयागची सुई थांबली.

“मालूम हाय मले,” ती म्हणाली. “आत्याबाईनं सांगतलं व्हतं. म्हने, पोरगी थकली माही. मी हात जोडले तं सुटली बिचारी.”

मी उठले. दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. प्रयागनं मला बस म्हटलं नाही. मग ती म्हणाली, “मी जाईनच, बाई. जागा सोडत नाई. पन पोरगी तुमी ठेवा.” आणि दातानं दोरा तोडून झोळीचं कापड बाजूला ठेवलं.

आमच्या मुख्याध्यापिका मनकर्णाबाई शिस्तीच्या. सोमवारी मी तान्हं मूल घेऊन शाळेत शिरले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं की ही कोणत्या इयत्तेत. मी म्हटलं, बिनइयत्ता. इन्स्पेक्टर आले तर काय सांगायचं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आले तर त्यांना मी तिसरीच्या वर्गातल्या खिडकीशी उभं करून दहा मिनिटं श्वास घ्यायला लावीन. मनकर्णाबाई आपल्या खोलीकडे वळल्या. थोड्या वेळानं शिपायाबरोबर एक जुनी सतरंजी आली. मी वर्गाची जागा बदलून घेतली, मागच्या बाजूची खोली घेतली. तिथं अंधार असतो, पण खिडकी शेताकडे आहे.

दुपारचा भोंगा वाजला की प्रयाग पोरीला पाजायला येणार होती. आली तेव्हा तिला ओळखायला मला एक क्षण लागला; केस, भुवया, खांदे पांढरे. मी तिला विहिरीवर नेलं, तोंड-हात धुवायला लावलं, वरून माझं धुतलेलं पातळ गुंडाळायला दिलं, मगच मूल दिलं. ती म्हणाली, हे तं लयच सोवळं झालं. पण केलं तिनं सगळं. पाजताना ती भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्या गळ्याखालचा खळगा श्वासागणिक आत ओढला जात होता. मी पाहिलं. तिनं मला पाहताना पाहिलं.

“तुमाले ताप कधी आला व्हता?” तिनं विचारलं.

“मंगळवारी.”

“अन् बरं कधी वाटलं?”

“गुरुवारी.”

ती पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. बाहेर मुली लंगडी खेळत होत्या.

“मंग गुरुवारी मले सांगजा,” ती म्हणाली, “का हे बरं वाटनं खोटं हाय म्हनून. मी आयकनार नाई. तरी सांगजा.”

मंगळवारी तिला ताप भरला. बुधवारी उकंडरावानं तिला जाऊ नको म्हटलं, ती गेली. गुरुवारी दुपारी भोंग्यानंतर ती जवळजवळ पळतच आली. गाल लाल, डोळे चकचकीत. आज मोतीबाईनं काय मजा केली ते ती विहिरीपासूनच सांगत होती, तोंडावर पाणी मारत, हसत. मला ती कितीतरी दिवसांत इतकी आवडली नव्हती. मी पातळ हातात धरून उभी होते. तिची गोष्ट संपेपर्यंत थांबले.

मग सांगितलं.

तिनं तोंड पुसलं, पातळ घेतलं, गुंडाळलं. पोरीला छातीशी घेतलं आणि पुरं पाजलं. निघताना मूल माझ्या हातात देऊन ती म्हणाली, पुढल्या गुरुवारीही सांगा. आणि दुसरा भोंगा व्हायच्या आत निघून गेली.